आईबाबा अमेरिकेत नर्सिंग होममध्ये असतील तर त्यांचं एमडीएस बरोबर भरलं जातंय का, ते कसं बघायचं

आधी एक खुलासा, कारण गावाकडच्या नातेवाईकांचा गोंधळ होतो. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खाजगी हॉस्पिटल. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे जिथे हॉस्पिटलमधून सुटलेली पण घरी जाण्याइतकी बरी न झालेली माणसं काही आठवडे राहतात, किंवा ज्यांचं घरी करणं आता शक्य नाही अशी वयस्कर माणसं कायमची राहतात. मी न्यू जर्सीत अशाच एका ठिकाणी नर्स आहे आणि माझं रोजचं काम एमडीएस, म्हणजे प्रत्येक रहिवाशाच्या तब्येतीच्या मूल्यमापनाचा सक्तीचा फॉर्म, भरण्याचं. इथे आता आपली मराठी माणसं बरीच येतात, मुलगा-सून दोघं नोकरीला, सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय, घरात जिने, मग दुसरा इलाज नसतो. आणि त्या सासूबाईंच्या एमडीएसमध्ये चुका व्हायची शक्यता इंग्रजी बोलणाऱ्या शेजारणीपेक्षा जास्त असते. घरच्यांनी वेळेत लक्ष घातलं तर यातल्या बऱ्याचशा चुका टळतात, म्हणून हे सगळं लिहितेय.

एमडीएस म्हणजे मिनिमम डेटा सेट. १९८७ च्या कायद्यानंतर अमेरिकेत हे सक्तीचं झालं, सध्याची एमडीएस ३.० ही पद्धत ऑक्टोबर २०१० पासून चालू आहे. मेडिकेअर (मुख्यतः वयस्करांचा सरकारी विमा) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा) घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला प्रत्येक रहिवाशाचं हे मूल्यमापन करावंच लागतं, पैसे कोणीही भरत असो. स्मरणशक्ती, मूड, दुखणं, चालणं, खाणं, संडास-बाथरूम, वजन, कातडी, पडणं, औषधं, सगळं त्यात येतं. त्यावरून केअर प्लॅन ठरतो, म्हणजे आईला बाथरूमला नेताना एक माणूस लागेल की दोन, जेवण मऊ करायचं का, कुशी किती वेळाने बदलायची. त्यावरूनच मेडिकेअरचे पैसे ठरतात (१ ऑक्टोबर २०१९ पासून पीडीपीएम नावाची पद्धत आहे, त्यात थेरपीच्या मिनिटांऐवजी पेशंटच्या अवस्थेवर दर ठरतो), आणि केअर कंपेअर या सरकारी वेबसाइटवर नर्सिंग होमचे जे स्टार दिसतात त्यातला मोठा भागही इथूनच जातो. म्हणजे चुकीचं भरलं गेलं तर आईला मिळणारी मदत चुकते, तुमच्या डोळ्यासमोर, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही कारण कागद तर पूर्ण भरलेला असतो.

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: एआरडी कधी आहे?

एआरडी म्हणजे असेसमेंट रेफरन्स डेट. त्या दिवशी रात्री बारापर्यंतचं निरीक्षण मोजतात आणि तिथून मागे जायचं, बहुतेक गोष्टींसाठी सात दिवस, दुखण्यासाठी पाच, मूडसाठी चौदा. तुम्ही एआरडी झाल्यावर दोन दिवसांनी येऊन सांगितलंत की आई गेल्या आठवड्यात रात्रभर कण्हत होती तर ते या खेपेला घालता येईलच असं नाही, मोजायच्या त्या दिवसांतल्या नोंदींमध्ये ते कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. म्हणून ॲडमिशनच्या दिवशीच एमडीएस कोऑर्डिनेटर कोण आहे ते विचारा (रिसेप्शनवर सांगतात), तिला भेटा आणि तारीख लिहून घ्या.

वेळापत्रक साधारण असं असतं. पहिल्या ४८ तासांत बेसलाइन केअर प्लॅन, त्याचा सारांश तुम्हाला मिळायला हवा, न मागता. मेडिकेअरवर आलेल्या पेशंटचं पहिलं मूल्यमापन आठव्या दिवसाच्या आतली एआरडी धरून. पूर्ण ॲडमिशन असेसमेंट चौदाव्या दिवसापर्यंत. ते झालं की सात दिवसांत सविस्तर केअर प्लॅन. नंतर दर तीन महिन्यांनी (नियमात ९२ दिवस) छोटं आणि वर्षातून एकदा परत पूर्ण. मध्येच तब्येतीत मोठा फरक पडला, आपोआप ठीक होण्यातला नाही आणि दोन किंवा जास्त बाबतीत, तर सिग्निफिकंट चेंज म्हणून वेगळं करावं लागतं. हे शेवटचं सहज राहून जातं, त्यामुळे बाबा महिन्यापूर्वी वॉकरने डायनिंग हॉलपर्यंत जात होते आणि आता व्हीलचेअरवर आहेत आणि जेवणही कमी झालंय असं दिसलं तर तिमाहीची वाट न बघता विचारा, सिग्निफिकंट चेंज केलं का म्हणून.

भाषा, इथे सगळ्यात जास्त घोळ

फॉर्मच्या सुरुवातीलाच ए१११० मध्ये दोन प्रश्न आहेत, कुठली भाषा पसंत आहे आणि दुभाषा हवा आहे का. तिथे मराठी लिहिलं जातंय हे स्वतः बघा. आई हाय, थँक्यू, गुड मॉर्निंग म्हणते म्हणून कोणीतरी इंग्लिश टाकून मोकळं होतं, आणि त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे इंडियन दिसलं की हिंदीचा दुभाषा फोनवर लावून देतात. आईला हिंदी सिरियल कळते म्हणून हिंदीत "पिछले दो हफ्तों में" वगैरे प्रश्नांना ती नीट उत्तर देईल असं नाही. फोनवर मराठी दुभाषा मिळतो, पण तसा स्पष्ट आग्रह धरा आणि आधी सांगून ठेवा.

याचा परिणाम कुठे होतो ते नीट समजून घ्या. स्मरणशक्तीसाठी बिम्स नावाची छोटी मुलाखत असते, एकूण १५ गुण. तीन शब्द सांगतात, पायमोजा, निळा, पलंग, ते लगेच परत म्हणायचे, त्याचे ३ गुण. मग साल कुठलं (३), महिना कुठला (२), वार कुठला (१), आणि शेवटी ते तीन शब्द पुन्हा आठवायचे, प्रत्येकी २. आठवत नसेल तर सूचना देतात, म्हणजे अंगात घालायचं काहीतरी, एक रंग, घरातलं सामान, आणि सूचनेनंतर आठवलं तर १ गुण. १३ ते १५ म्हणजे चांगलं, ८ ते १२ मध्यम अडचण, ७ किंवा कमी म्हणजे गंभीर. आता पंचाहत्तरीच्या आजी, कानातलं मशीन घरी राहिलंय, समोर मास्क लावलेली अनोळखी मुलगी भराभर इंग्रजीत बोलतेय, आजींनी महिना विचारल्यावर "आषाढ, परवाच एकादशी झाली" असं अगदी अचूक सांगितलं आणि समोरच्या बाईने शून्य लिहिलं. शब्द परत म्हणायला सांगितलेत हेच कळलं नाही म्हणून तिथेही शून्य. पाच-सहा गुणांवर मुलाखत संपते, आणि तल्लख बाई कागदावर गंभीर स्मृतिभ्रंशाची पेशंट होऊन बसते. मग पुढे औषधं, थेरपी, निर्णयात त्यांना विचारायचं की नाही, सगळ्यावर त्याची सावली पडते.

याच्या उलटही होतं, बोलणं समजत नाही म्हणून "रेअरली ऑर नेव्हर अंडरस्टूड" असं टाकून मुलाखत टाळतात आणि स्टाफच्या अंदाजावर भरतात. भाषा येत नाही हे त्याचं कारण होऊच शकत नाही, दुभाषा मिळवायचा पूर्ण प्रयत्न करून मुलाखत करायची असते.

तर करायचं काय. मुलाखतीच्या दिवशी चष्मा डोळ्यावर, मशीन कानात आणि त्याची बॅटरी चालू, कवळी तोंडात. खोली शांत, टीव्ही बंद. हॉस्पिटलमधून आल्या आल्या आई बरळत असेल, दिवस-रात्र कळत नसेल तर ते डिलिरियम, म्हणजे आजारपणातला तात्पुरता गोंधळ, असू शकतं, तिची नेहमीची अवस्था काय होती, ऑपरेशनच्या आधी ती घरात हिशेब ठेवत होती का, फोन लावत होती का, हे कोऑर्डिनेटरला लेखी द्या. आणि आईला उत्तरं शिकवून ठेवू नका. तुमचा हेतू चांगला असतो पण खरोखर विसरायला होत असेल तर तेही कागदावर यायला हवं, नाहीतर तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस मिळणार नाही.

अजून एक, माझं ठाम मत आहे, मुलाखतीत मुलांनी स्वतः दुभाषी होऊ नये. मूडच्या प्रश्नांमध्ये शेवटचा प्रश्न असतो की मेलेलं बरं असं मनात आलं का, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली का. कुठली मराठी आई मुलासमोर याला हो म्हणेल? ती म्हणणार, नाही रे, सगळं छान आहे, तू जा ऑफिसला. दुखण्याचंही तसंच, मागच्या पाच दिवसांत दुखलं का विचारलं की एवढं काही नाही म्हणतात, कारण तक्रार करायची सवय नाही. तुम्ही काय करू शकता तर घरात ती कुठले शब्द वापरते ते दुभाषाला आणि नर्सला आधी सांगा. आई "डिप्रेस्ड" नाही म्हणणार, ती म्हणेल करमत नाही, जीव लागत नाही, कशात मन नाही. दुखतं नाही म्हणणार पण कळ येते, ठणकतं, पाय वळतात हे म्हणेल. मूडच्या भागात किती दिवस असं वाटलं तेही मोजतात (एक दिवस की २ ते ६, की ७ ते ११, की जवळजवळ रोज), तेव्हा "कधी कधी" एवढ्यावर थांबू न देता दिवस विचारायला लावा.

स्वतःचं स्वतः किती करतात: सेक्शन जीजी

ॲडमिशनच्या वेळी हे पहिल्या तीन दिवसांतल्या निरीक्षणावर भरतात. ६ म्हणजे पूर्ण स्वतंत्र, ५ म्हणजे तयारी करून दिली की पुढचं स्वतः, ४ म्हणजे कोणीतरी जवळ उभं राहायला किंवा नुसता हात लावायला हवं, ३ म्हणजे मदत आहे पण अर्ध्याहून कमी, २ म्हणजे अर्ध्याहून जास्त, १ म्हणजे सगळं दुसऱ्याने करायचं किंवा दोन माणसं लागतात. लिहायचं असतं ते नेहमी कसं करतात ते. सगळ्यात चांगलं नाही आणि सगळ्यात वाईटही नाही. थेरपीच्या हॉलमध्ये सकाळी दहा वाजता थेरपिस्टच्या हुरूपाने बाबा चालून दाखवतात, तेच पहाटे चारला बाथरूमला जाताना दोघांना धरून उठवावं लागतं, आणि फक्त थेरपिस्टचाच कागद बघून भरलं तर रात्रीच्या मदतीचा पत्ताच नसतो. म्हणून तिन्ही शिफ्टच्या सीएनएना विचारून भरलंय का हे जरूर विचारा. सीएनए म्हणजे खरं अंगावरचं काम करणारी माणसं, त्यांना सगळं माहीत असतं आणि त्यांना कोणी विचारत नाही.

खाण्याचं उदाहरण घ्या कारण ते आपल्या लोकांना खास लागू होतं. ट्रेमध्ये काटा-चमचा-सुरी येते, उकडलेलं चिकन नाहीतर मॅश्ड पोटॅटो. काकांनी आयुष्यभर हाताने जेवलंय, उजव्या हाताला कंप आहे, काट्याने बटाटा उचलताना निम्मा मांडीवर. सीएनए बघते आणि भरवायला लागते. लिहिलं जातं २. त्याच काकांना पोळीचा तुकडा आणि सुकी भाजी दिली की ते कोणाच्याही मदतीशिवाय जेवतात. नियम काय सांगतो तर हाताने खायचे पदार्थ हाताने खात असतील तर हाताने खाण्याला किती मदत लागली तेच मोजायचं, काही मदत लागली नाही तर ६. हे सगळ्या स्टाफला माहीत नसतं, किंवा हाताने खाणं म्हणजे त्यांना अडचणच वाटते. तुम्ही तिथे असताना शांतपणे सांगा, हे असे जेवतात, आणि स्टाफला समोर बसून बघू द्या.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना जड जाते पण सांगतेच. पहिले तीन दिवस आईचं सगळं तुम्हीच करू नका. मुली येतात, वेणी घालतात, गाऊन बदलतात, भरवतात, पाय चेपतात, मायेपोटी करतात, त्यात काही चूक नाही. पण सेक्शन जीजीमध्ये मदत करणारा म्हणजे नर्सिंग होमचा स्टाफ, घरच्यांची मदत त्यात धरत नाहीत. स्टाफने मदत केलीच नाही तर त्यांना किती लागते ते कळणार कसं, आणि तुम्ही सोमवारी कामावर गेलात की आईची वेणी तशीच राहते. बेल वाजवा, बोलवा, ते कसं करतात ते बघा, लागलं तर सांगा की उजवा खांदा वर जात नाही, आधी त्या हाताची बाही घालायची.

कातडी

सतत दाब पडून होणाऱ्या जखमा (बेडसोअर) एक ते चार स्टेजमध्ये लिहितात. पहिली स्टेज म्हणजे कातडी फुटलेली नाही पण दाबलं तरी लाली जात नाही. ही लाली गोऱ्या कातडीवर दिसते, आपल्या सावळ्या कातडीवर दिसत नाही, आणि म्हणून ती हुकते. माकडहाड आणि टाचा, या दोन जागा बघायला सांगा, आजूबाजूच्यापेक्षा गरम किंवा गार लागतंय का, घट्ट किंवा लिबलिबीत आहे का, हात लावल्यावर दुखतंय का, रंग जास्त काळपट किंवा जांभळट झालाय का. ॲडमिशनच्या दिवशीच ही तपासणी तुमच्यासमोर झाली तर उत्तम, कारण जखम येताना होती की इथे आल्यावर झाली हा एमडीएसमधला वेगळा प्रश्न आहे आणि नंतर त्यावर वाद होतात. स्टेज चारची जखम भरत आली म्हणून ती स्टेज तीन झाली असं लिहायचं नसतं, असं लिहिलेलं दिसलं तर विचारा.

पडणं

पडणं म्हणजे फक्त धाडकन आपटणं नव्हे. जमिनीवर बसलेल्या सापडल्या, पडणं. तोल गेला आणि सीएनएने मध्येच धरलं नसतं तर पडल्या असत्या, तेही पडणं. लागलं नाही म्हणून लिहिलं नाही, हे चालत नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी मेडिकेअरची हॉस्पिटलची बिलं आणि एमडीएस शेजारी-शेजारी ठेवून तपासलं, तो अभ्यास २०२० मध्ये छापून आला, मोठी इजा झालेल्या पडण्यांपैकी जेमतेम ५८ टक्के एमडीएसमध्ये सापडली, आणि गोऱ्या नसलेल्या रहिवाशांमध्ये प्रमाण त्याहून कमी होतं. वाचून मला फार वाईट वाटलं होतं कारण पडल्याची नोंद नाही म्हणजे पुढचं पडणं टाळायचा प्लॅनही नाही. तुम्ही एक छोटी वही ठेवा, फोनमध्ये नोट ठेवली तरी चालेल, तारीख, वेळ, कुठे, कोणी सांगितलं.

त्याच वहीत वजनही लिहा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के कमी झालं की एमडीएसमध्ये नोंद व्हायला हवी. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार असे उपास असतील तर डाएटिशियनला आधीच सांगा, नाहीतर "जेवण नाकारलं" असं लिहिलं जातं.

निदानांची यादी नक्की वाचा

सेक्शन आय. निदान लिहायचं तर गेल्या ६० दिवसांत डॉक्टरांनी (किंवा नर्स प्रॅक्टिशनरने) नोंदवलेलं हवं आणि गेल्या सात दिवसांत ते चालू असल्याचा पुरावा हवा, औषध, तपासणी, लक्षणं काहीतरी. इथे एक धोका आहे. डिमेन्शियाच्या पेशंटला शांत ठेवायला अँटिसायकॉटिक औषध दिलं की ते नर्सिंग होमच्या गुणवत्तेच्या आकड्यात वाईट दिसतं, पण स्किझोफ्रेनियाचं निदान असेल तर तो पेशंट त्या आकड्यातून वगळला जातो. म्हणून काही ठिकाणी पुराव्याशिवाय स्किझोफ्रेनिया लिहिलं गेलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये मेडिकेअर-मेडिकेड चालवणाऱ्या केंद्राच्या सीएमएस संस्थेने याची खास तपासणी सुरू करत असल्याचं जाहीर केलं. ऐंशीच्या आजोबांना आयुष्यात कधी नव्हता तो स्किझोफ्रेनिया यादीत दिसला तर त्याच दिवशी विचारा, कोणी निदान केलं, कशावरून.

चूक सापडली तर

एमडीएसची प्रत मागायचा हक्क रहिवाशाला आहे. रेकॉर्ड बघायला मागितलं तर २४ तासांत (शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून) दाखवायचं असतं, प्रत मागितली तर दोन कामाच्या दिवसांत, प्रतीचे वाजवी पैसे घेऊ शकतात. मुलांनी मागायचं तर आईची परवानगी किंवा हेल्थकेअर पॉवर ऑफ अटर्नी हवी, ते कागद आईची तब्येत बरी असतानाच करून ठेवा. सगळं वाचत बसू नका, जाडजूड असतं. ए मधली भाषा, बी मधलं ऐकणं-दिसणं, सी (स्मरणशक्ती), डी (मूड), जीजी, आय, जे (दुखणं, पडणं), के (खाणं, वजन), एम (कातडी) एवढं पुरे.

मग केअर कॉन्फरन्समध्ये, म्हणजे केअर प्लॅनवर स्टाफबरोबर होणाऱ्या मीटिंगमध्ये, बोला, आणि बोललेलं ईमेलवर पाठवा. "तुमचं सगळं चूक आहे" असं नको. कुठला सेक्शन, काय लिहिलंय, तुम्ही काय बघितलं, कुठल्या तारखेला, तेव्हा कोण होतं. उदाहरणार्थ, सी मध्ये गुण ६, मुलाखत ज्या दिवशी झाली त्या दिवशी दुभाषा नव्हता आणि मशीन घरी होतं, मराठी दुभाषासह परत बघावं. खरंच चूक असेल तर कोऑर्डिनेटर दुरुस्तीची प्रत पाठवू शकते, सबमिट झालेलं एमडीएसही बदलता येतं, आणि चुकीमुळे पेशंटचं एकूण चित्रच चुकलं असेल तर नवीन असेसमेंट करावं लागतं, चूक लक्षात आल्यापासून १४ दिवसांत. प्रत्येक भाग ज्याने भरला त्याची सही त्या भागाच्या अचूकतेसाठी असते, त्यामुळे कोणाशी बोलायचं ते सहीवरून कळतं. आणि हेही लक्षात असू द्या की दोन तज्ज्ञांचं मत वेगळं असणं म्हणजे खोटं लिहिणं नव्हे, कायद्यातही तसंच म्हटलंय. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर मात्र सही करणाऱ्याला व्यक्तिशः दंड आहे.

तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या लाँग टर्म केअर ओम्बड्समनला (रहिवाशांच्या तक्रारी बघणारा अधिकारी) फोन करा, प्रत्येक राज्यात असतात, नंबर नर्सिंग होमच्या भिंतीवर लावलेला असावाच लागतो. पैसे लागत नाहीत आणि तुमच्या किंवा आईच्या संमतीशिवाय ते नाव उघड करत नाहीत. राज्याच्या आरोग्य खात्याच्या तपासणी विभागाकडेही तक्रार करता येते, तक्रारीत "असेसमेंट अचूक नाही, एफ ६४१" (त्या नियमाचा तपासणीतला नंबर) एवढं लिहिलं की तपासणीसाला कुठे बघायचं ते लगेच कळतं. आईला त्रास देतील म्हणून घाबरून गप्प बसणारे खूप घरचे मी बघते. तक्रार केली म्हणून रहिवाशाशी वाईट वागायला कायद्याने बंदी आहे, आणि तसं काही जाणवलं तर तेही ओम्बड्समनलाच सांगायचं, तारीख-वेळेसकट.